एका वहीची दोन नावे

मुंबईत फोर्टातल्या पदपथावर जुनी पुस्तके मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांकडे काही पुस्तके प्रत्येक ढिगात हमखास सापडत. 'द कंट्री डायरी ऑफ अ‍ॅन एडवर्डियन लेडी' हे त्यांपैकी एक. मी ते किती वेळा हातात घेतले आणि परत ठेवले, याची गणती नाही. फुलापानांची सजावट, वळणदार हस्ताक्षर आणि शीर्षकातली ती 'लेडी', एवढ्यावर मी मनाशी निकाल देऊन टाकला होता: हे दिवाणखान्यातल्या मेजावर मांडून ठेवायचे पुस्तक, वाचण्याचे नव्हे. त्यातल्या चित्रांचे चहाचे पेले मी परदेशातून आलेल्या एका पाहुण्यांकडे पाहिले होते, त्यामुळे हा निकाल आणखी पक्का झाला होता. अखेर ते विकत घेतले, तेही वर्गात दैनंदिनी हा वाङ्मयप्रकार शिकवताना नमुना म्हणून दाखवता येईल एवढ्याच हिशेबाने. वाचू लागले आणि हळूहळू लक्षात आले की आपल्याला ज्याचा कंटाळा आला होता ते या पुस्तकाचे शीर्षक होते. पुस्तक वेगळेच होते.

त्या शीर्षकापासूनच सुरुवात करते. ज्या बाईंनी ही वही लिहिली आणि रंगवली, त्यांनी तिला हे नाव दिलेले नाही. त्यांनी दिलेले नाव साधे आहे: 'नेचर नोट्स फॉर १९०६', म्हणजे १९०६ सालच्या निसर्गनोंदी. त्या नावात 'लेडी' नाही, 'एडवर्डियन' नाही आणि 'डायरी'ही नाही. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात इंग्लंडच्या गादीवर होता हे खरे. पण आपण 'एडवर्डियन' आहोत असे १९०६ साली कोणाला वाटत असण्याचे कारण नाही. काळाला असे नाव मिळते ते तो काळ संपल्यावर, आणि बहुधा त्याच्याविषयी हुरहुर वाटू लागल्यावर. वहीची लेखिका ईडिथ होल्डन १९२० साली वारली. वही कुटुंबात राहिली. १९७७ साली ती जशीच्या तशी, म्हणजे हस्ताक्षरासह छायामुद्रित होऊन बाहेर पडली, तेव्हा तिच्यावर हे दुसरे नाव चढले. या दोन नावांमध्ये सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे. हा लेख त्या अंतराविषयी आहे.

वहीची रचना बारा महिन्यांची. प्रत्येक महिन्याच्या आरंभी त्या महिन्याच्या नावाची व्युत्पत्ती, त्यातले सणवार, लोकांच्या तोंडी असलेल्या म्हणी; मग वर्ड्‌सवर्थ, बर्न्स, टेनिसन अशा कवींची उतरून घेतलेली वचने; आणि त्यांच्या मधूनमधून तारीखवार नोंदी व जलरंगातील चित्रे. चित्राखाली फुलाचे लोकांतले नाव आणि शेजारी लॅटिन नाव. आपल्याकडच्या वाचकाला इथे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आठवल्यावाचून राहणार नाही. महिन्यांच्या चाकावर निसर्ग बसवण्याची ही रीत दोन्हीकडे आहे. मात्र इथे कोणाचे कोणावर ऋण शोधण्यात अर्थ नाही. 'ऋतुचक्र' १९५६ साली आले आणि ईडिथची वही तोवर कपाटातच होती. शिवाय दोघींची जातकुळी निराळी. दुर्गाबाईंच्या वाक्यात वृक्ष आणि वेल यांच्यासह पुराण, लोककथा आणि स्वतःचे मन एकाच वेळी चालत असते. ईडिथच्या नोंदी त्यामानाने कोरड्या म्हणाव्यात अशा आहेत: आज हवा कशी होती, कुठल्या वाटेने गेले, कुठल्या कुंपणाखाली पहिले व्हायोलेट उमलले, कुठल्या पक्ष्याने घरट्याला सुरुवात केली. स्वतःविषयी ती जवळजवळ बोलत नाही. घरातल्या माणसांचे बोलणेचालणे नाही, कोणावर राग नाही, रुसवा नाही. १९०६ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये निवडणुकीची धामधूम होती आणि होल्डन कुटुंब राजकारणापासून अलिप्त मुळीच नव्हते. वहीत मात्र तिचा मागमूस नाही. ज्यांना दैनंदिनी म्हणजे अंतरंगाची कबुली असे वाटते, त्यांची इथे निराशा होईल. वर्गात माझीही झाली. विद्यार्थ्यांनी विचारले, "यात ती कुठे आहे?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी ती कोण होती हे पाहायला हवे.

ईडिथ होल्डनचा जन्म १८७१ साली बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टन येथे झाला. सात भावंडांतली ती एक. वडील आर्थर होल्डन यांचा रंग आणि व्हार्निश तयार करण्याचा कारखाना होता. (मुलगी आयुष्यभर रंगांशी खेळली, पण बापाचे रंग ते दारे-खिडक्यांचे, वहीत वापरले ते नव्हेत.) घर युनिटेरियन पंथाचे, समाजवादी विचारांना मोकळे, आणि परलोकविद्येच्या बैठकींचा नाद असलेले. मुलींना चित्रकला शिकवावी, आणि केवळ लग्नाच्या बाजारात शोभेचा गुण म्हणून नव्हे, हे त्या घरात गृहीत असावे. कारण ईडिथच्या बहिणी व्हायोलेट आणि एव्हलिन यांनीही पुस्तकांसाठी चित्रे काढली. ईडिथ तेराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कलाशाळेत दाखल झाली. ही शाळा त्या काळी हस्तकला-चळवळीचे एक मोठे केंद्र बनत होती. पुढे १८९१ च्या सुमारास ती स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळ जोसेफ डेनोव्हन अ‍ॅडम या प्राणिचित्रकाराकडे शिकायला राहिली. अ‍ॅडम आपल्या शिष्यांना जिवंत गुरे समोर ठेवून रंगवायला लावत. गाय काही आपल्या सोयीने उभी राहत नाही, हा धडा तिने तिथे घेतला असणार, आणि तो फुलांच्याही कामी आला. बर्मिंगहॅमच्या चित्रकारसंघाच्या प्रदर्शनांत ती १८९० पासून चित्रे ठेवत होती. १९०७ साली तिचे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. मुलांच्या पुस्तकांसाठी तिने सजावट केली. ज्या वर्षीची ही वही आहे त्या वर्षी, १९०६ साली, ती सोलिहलच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होती, आणि वही तिने विद्यार्थिनींपुढे ठेवण्यासाठी नमुना म्हणून केली असावी असे मानले जाते.

म्हणजे फुलांच्या परडीसह बागेत फिरणारी, वेळ जात नाही म्हणून रंगपेटी उघडणारी कोणी श्रीमंत विलासिनी इथे नाही. इथे पस्तिशीला आलेली, शिक्षण घेतलेली, कलेवर चार पैसे मिळवणारी अविवाहित शिक्षिका आहे. ऑल्टन या गावाहून ती सायकलवर निघते, भोवतालच्या रस्त्यांवर काही मैल जाते, फूल आणते आणि ते कोमेजण्यापूर्वी कागदावर उतरवते. यात ती कुठे आहे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते याच वाक्यात आहे. ती त्या घाईत आहे.

ही घाई काय असते हे मला पुस्तकावरून कळले नाही. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मी स्वतःशी एक नेम धरला, रोज एक रानफूल रंगवायचे. माझा हात चित्रकाराचा नाही. ती चित्रे कोणाला दाखवण्यासारखी नाहीत. पण पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट उमगली, ती इथे सांगितली पाहिजे. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपण लहानपणापासून माणसांच्या स्वभावाविषयी वापरत आलो. रंगवायला बसल्यावर कळते की खुडलेल्या तेरड्याला तीन दिवस म्हणणे ही मेहरबानी आहे. दुपारी आणलेले फूल दिवेलागणीला मऊ पडलेले असते, पाकळीची कड आत वळते, आणि सकाळी आपण जो गुलाबी रंग कालवून ठेवला तो आता समोर नसलेल्या फुलाचा रंग असतो. सोनकी जरा दम धरते. सीतेची आसवे हे फूल इतके लहान, की पाहायलाच अर्धा तास लागतो. पांढऱ्या फुलाची गंमत निराळी: जलरंगात पांढरे फूल रंगवायचे म्हणजे फूल रंगवायचेच नसते; तिथला कागद कोरा सोडून भोवतालची सावली रंगवायची. हात आवरण्याची ही शिकवण मला कुठल्याही समीक्षाग्रंथाने इतक्या स्पष्टपणे दिली नव्हती.

तेव्हा रोजच्या रंगवण्याचा आनंद म्हणजे नेमका काय? आपल्याकडे चातुर्मासात बायका लाखोली वाहण्याचा नेम धरतात. एक लाख फुले किंवा पाने मोजून देवाला वाहायची. त्यात मोजणी आहे आणि मोजणी पूर्ण झाल्याचे समाधान आहे. रानफुले रंगवण्याच्या नेमात मोजणी नसते. शिवाय तो नेम खऱ्या अर्थाने माणसाने धरलेला नसतो. फुलाने घातलेला असतो. ते आज उमलले आहे, उद्या नसेल, आणि परवा त्या कुंपणाखाली दुसरेच काही असेल. आपली लहर, आपले दुखणे, आपली प्रतिभा यांच्याशी त्याला कर्तव्य नाही. लिहिणाऱ्या माणसाला ही फार मोठी सुटका वाटते. आज काय लिहू, या प्रश्नाने आपली निम्मी ताकद खाल्लेली असते. इथे तो प्रश्नच उरत नाही. ईडिथच्या वहीत आत्मकथन का नाही, याचा खुलासा मला इथे मिळाला. ती स्वतःला दडवत नाही. तिला तेवढी सवड नाही.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. 'रोज' हा शब्द मी वापरते आहे, पण वहीतल्या तारखा सलग नाहीत. मध्ये दिवसच्या दिवस सुटलेले आहेत. वसंतात ती डार्टमूरकडे जाते, शरदाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये असते, आणि त्या त्या ठिकाणची फुले वहीत येतात. हिवाळ्यात फुले नसतात तेव्हा निष्पर्ण फांद्या, फळे, कळ्या आणि खिडकीशी येणारे पक्षी येतात. नित्यनेम म्हणजे एकही दिवस न चुकणे, अशी जी कठोर कल्पना हल्ली स्वयंसुधारणेच्या पुस्तकांतून पसरली आहे, ती या वहीला लागू पडत नाही. मला तर ती अरसिकपणाची वाटते.

आता दुसऱ्या नावाकडे वळू. फुले रंगवणे हे बायकांचे, आणि म्हणून हलके काम, ही समजूत काही निसर्गदत्त नव्हे. तिला इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिनियसच्या वर्गीकरणपद्धतीमुळे इंग्लंडमध्ये वनस्पतिशास्त्र घरोघर पोचले. केसर मोजायचे, स्त्रीकेसर मोजायचे आणि वर्ग ठरवायचा, एवढे सोपे सूत्र हाती आल्यावर स्त्रिया त्यात उत्साहाने उतरल्या. हे इतके झाले, की १८२९ साली लंडनच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारताना जॉन लिंडली यांनी आपल्या पहिल्याच व्याख्यानात तक्रार केली: हे शास्त्र स्त्रियांच्या करमणुकीचा विषय होऊन बसले आहे, ते विचारी पुरुषांचे गंभीर काम व्हायला हवे. लिंडली मोठे शास्त्रज्ञ, आणि लिनियसची पद्धत मागे टाकण्याचा त्यांचा आग्रह शास्त्रीय दृष्ट्या योग्यच होता. पण नवी पद्धत आणताना त्यांनी जुन्या पद्धतीबरोबर तिच्या स्त्रीवाचकांनाही दाराबाहेर ठेवले. पुढे काही वर्षांतच त्याच लिंडलींनी 'लेडीज बॉटनी' नावाचे पुस्तक लिहिले. दाराबाहेर ठेवलेल्यांसाठी ओसरीवर वेगळे पान मांडले, असेच म्हणायचे. तिथून पुढे इंग्लंडमध्ये शास्त्र एका खोलीत आणि फुलांची चित्रे दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी पक्की होत गेली. 'लेडी' हा शब्द त्या दुसऱ्या खोलीच्या दारावरची पाटी आहे.

१९७७ साली प्रकाशकांनी ती पाटी उचलून वहीवर लावली यात दुष्टपणा नव्हता. त्यांना बाजार कळत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या शेतीचे स्वरूप झपाट्याने बदलले होते. यंत्रांना वळायला जागा हवी म्हणून शेतांमधली जुनी जिवंत कुंपणे उखडली गेली, आणि फुलांनी भरलेली गवताळ कुरणे नांगराखाली आली. १९३० च्या दशकापासूनच्या अर्धशतकात इंग्लंड-वेल्समधील अशी जवळजवळ ९७ टक्के कुरणे नाहीशी झाली, असा एक हिशेब पुढे केला गेला आणि तो आजही सांगितला जातो. ज्या ऑल्टनहून ईडिथ सायकलवर निघे, ते गाव शहराच्या उपनगरात विरून गेले. ज्यांच्या आजीने ती फुले पाहिली होती त्या वाचकांना ही वही म्हणजे हरवलेल्या घराची किल्ली वाटली. पुस्तक वर्षाहून अधिक काळ खपाच्या यादीत राहिले. पाठोपाठ पेले, कापड, भिंतीवरचे कागद, दिनदर्शिका. १९८४ साली दूरचित्रवाणीवर मालिका. फूल कोमेजण्यापूर्वी ते गाठण्याची जी घाई त्या पानांत होती, तिचे रूपांतर 'तो काळ किती निवांत होता' अशा उसाशात झाले. वाचनाच्या इतिहासात एखाद्या कृतीचा अर्थ इतका नेमका उलटा झाल्याची उदाहरणे फार नसतील.

हा उलटेपणा नीट दिसावा म्हणून शेजारी आणखी एक पुस्तक ठेवते. विल्यम कीबल मार्टिन हे ईडिथपेक्षा सहा वर्षांनी लहान, जन्म १८७७. ऑक्सफर्डला ग्रीक तत्त्वज्ञान आणि वनस्पतिशास्त्र शिकले, १९०२ साली धर्मदीक्षा घेतली आणि उरलेले आयुष्य बहुतांशी डेव्हनमधल्या चर्चमध्ये पाद्री म्हणून काढले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस त्यांनी रानफुलांची चित्रे काढायला सुरुवात केली आणि सुमारे साठ वर्षे ते ती काढत राहिले. प्रवचन, लग्ने, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, आणि यांतून उरलेल्या वेळात फूल. दूरच्या मुलखातली फुले आणायला प्रवास करायचा किंवा मित्रांनी टपालाने पाठवलेली ताजी असेतो टिपायची. एकेका पानावर अनेक जाती दाटीवाटीने, पण एकमेकींच्या देठांना वाट देत बसवलेल्या. ती पाने पाहताना जुन्या वाड्यातला एकाच पंगतीत सगळ्यांना सामावून घेणारा यजमान आठवतो. रंगीत छपाई महाग म्हणून प्रकाशक मिळेना. अखेर 'द कन्साइज ब्रिटिश फ्लोरा इन कलर' हे पुस्तक १९६५ साली, राजपुत्र फिलिप यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले, तेव्हा मार्टिन ८७ वर्षांचे होते. १०० चित्रपृष्ठे, १४०० हून अधिक जाती. प्रती हातोहात गेल्या. १९६७ साली ब्रिटनच्या टपालखात्याने रानफुलांची तिकिटे काढली, त्यांतली चार मार्टिन यांच्या चित्रांची होती. दोन वर्षांनी ते वारले.

दोन्ही पुस्तकांशी मायकेल जोसेफ या एकाच प्रकाशनसंस्थेचे नाव जोडलेले आहे, हा योगायोग मोठा बोलका आहे. पाद्री हौशी चित्रकार होते. त्यांच्या पुस्तकाला नाव मिळाले 'फ्लोरा', म्हणजे वनस्पतिकोश, शास्त्राच्या कपाटातले. ईडिथ शिक्षित आणि व्यावसायिक चित्रकार होती. तिच्या पुस्तकाला नाव मिळाले 'एका लेडीची डायरी'. आक्षेप येईल की मार्टिन यांनी देशातल्या साऱ्या फुलांचा पद्धतशीर पट मांडला आणि ईडिथने एका वर्षात सायकलच्या टप्प्यात आलेली फुले तेवढी रंगवली. तेव्हा कोश आणि डायरी हा भेद कामाच्या स्वरूपातला आहे. हे मान्य. वही म्हणजे कोश नव्हे. पण डायरीच म्हणायचे, तर ती 'चित्रकाराची डायरी' का नव्हे? 'शिक्षिकेची' का नव्हे? पुस्तकात तिचे नाव छापलेले असूनही शीर्षकाने तिला नाव न घेता एका वर्गात बसवले आणि एका काळात गोठवले.

नावाची गोष्ट निघाली आहे तर आपल्या दाराशी येऊ. पुण्याजवळ दापोडी येथे मुंबई सरकारची एक वनस्पतिबाग होती. इंग्रजी कागदांत तिचे नाव 'दापुरी'. १८२८ साली स्थापन झालेल्या या बागेची देखरेख पुढे अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे करून घेतली. त्यांतली सुमारे १७० आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचे नाव 'द दापुरी ड्रॉइंग्ज', पुढे उपशीर्षकात गिब्सनचे नाव. चित्रकाराचे नाव शीर्षकात नाही, कारण ते कुठल्याच कागदावर नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता एवढेच सांगितले जाते. म्हणजे गोव्याकडचा असावा, हा माझा तर्क. त्याने रंगवलेली फुले सगळी रानातली नव्हेत. बागेत लावलेली, बाहेरून आणलेलीही त्यांत आहेत. पण काम तेच: झाडावरून फांदी आली, ती कोमेजायच्या आत रेषा पक्की करायची, रंग भरायचा, पुढची घ्यायची.

त्याला आनंद होत होता का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. ईडिथ आणि मार्टिन यांचा आनंद आपण सहज मान्य करतो, कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. दापोडीच्या चित्रकाराला सांगितले होते, आणि त्याचे दामही दिले जात होते. आनंद आणि वेतन ही दोन एका घरात नांदत नाहीत, असे आपण का धरून चालतो? ईडिथलाही शाळेत पगार होता. ती चित्रे छापील रूपात पाहताना एखाद्या पानाच्या मागच्या, फिकट बाजूची शीर अशी काढलेली दिसते, की ती तशी काढण्याचा हुकूम कोणी देऊ शकत नाही. कारण हुकूम देणाऱ्याने ती पाहिलेलीच नसते. हा पुरावा नव्हे, मला ठाऊक आहे. इतिहासकाराने तो नाकारला तर माझी तक्रार नाही. साहित्याचा विद्यार्थी मात्र ओळीतल्या अशाच अनावश्यक काळजीवरून कवी ओळखत असतो.

ईडिथचा शेवट सांगणे टाळता येत नाही, कारण तिच्या दंतकथेचा निम्मा भार त्यावर आहे. १९११ साली तिने अर्नेस्ट स्मिथ या शिल्पकाराशी लग्न केले आणि ती लंडनमध्ये राहू लागली. मार्च १९२० मध्ये क्यू येथे थेम्सकाठी चेस्टनटच्या कळ्या असलेली फांदी तोडण्याच्या प्रयत्नात ती पाण्यात पडली आणि बुडून मरण पावली. वय ४८. या मृत्यूचे काव्य करण्याचा मोह लोकांना फार होतो: फुलांसाठी जगली, फुलांसाठी गेली. आपल्याकडे बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हापासून त्यांच्याही मृत्यूभोवती निसर्गमग्नतेचे असेच धुके साचवण्यात आले. मला ते दोघांवरही अन्यायाचे वाटते. त्या दिवशी ईडिथच्या हातात काम होते. चेस्टनटची कळी चिकट आवरणातून फुटायला लागली की दोन-चार दिवसांत तिचे रूप बदलते. ती गाठायची तर त्याच आठवड्यात गाठायला हवी होती.

१९०६ च्या वहीच्या आधी, १९०५ सालची आणखी एक वही तिने केली होती. पहिल्या पुस्तकाच्या यशानंतर तीही शोधून काढली गेली आणि १९८९ साली छापली गेली. तोवर प्रकाशकांनाही मूळ नावाची आठवण झाली असावी. या दुसऱ्या पुस्तकाला नाव दिले गेले: 'द नेचर नोट्स ऑफ अ‍ॅन एडवर्डियन लेडी'.